गर्भधारणेचे दिवस ऐंशी वर्षं चुकीचे का मोजले गेले?

‘पाळीच्या चौदाव्या दिवशी अंडोत्सर्ग होतो’ हे वाक्य तुम्ही बारावीला पाठ केलं असेल. मूल हवं असलेल्या जोडप्यांनाही बऱ्याचदा हाच आकडा सांगितला जातो. आज या आकड्यामागचा इतिहास बघू. रिसर्चला उतरणाऱ्यांना तो विशेष उपयोगी आहे, कारण यात चुकलेले लोक हुशार होते आणि त्यांची निरीक्षणंही बरोबर होती.

१८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज पहिल्यांदा पाहिलं, तेही कुत्रीच्या शरीरात. पुढे १८४४ मध्ये थिओडोर बिशॉफ यांनी दाखवलं की कुत्रीसारख्या प्राण्यांत बीज बाहेर पडायला नराशी संबंध यावाच लागतो असं नाही, ते ठरावीक काळाने आपोआप बाहेर पडतं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. संबंधामुळेच बीज सुटतं, ही जुनी समजूत यामुळे मागे पडली.

आता पुढची पायरी नीट बघा. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास बीज सुटतं. बाईलाही दर महिन्याला रक्तस्राव होतो. म्हणजे पाळी हा बाईचा माज, आणि बीज सुटतं ते पाळीच्या आसपास! त्यामुळे कित्येक डॉक्टर सांगू लागले की मूल हवं असेल तर पाळीच्या आगेमागे प्रयत्न करा, नको असेल तर महिन्याचा मधला काळ सुरक्षित. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत नेमकं उलटं.

चूक कुठे झाली? दोन्ही रक्तस्राव दिसायला सारखे, पण त्यांची कारणं वेगळी. कुत्रीत बीज सुटण्याआधी इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो आणि त्यातून रक्त येतं. बाईत मात्र बीज सुटून गेलेलं असतं, गर्भ राहिलेला नसतो, हार्मोन्स खाली येतात आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. एक रक्तस्राव बीज सुटण्याच्या आधीचा, दुसरा सुमारे दोन आठवडे नंतरचा. हार्मोन्स तेव्हा कुणाला माहीतच नव्हते, त्यामुळे साम्य हाच पुरावा ठरला.

पडताळायची सोय मात्र समोरच होती. परंपरा पाळणाऱ्या ज्यू घरांत पाळी सुरू झाल्यापासून साधारण बारा दिवस पतीपत्नी संबंध ठेवत नाहीत. पाळीच्या आसपासच गर्भ राहत असता, तर या घरांत मुलं फारच कमी झाली असती. तसं काही झालं नव्हतं. पण सिद्धांत इतका सुबक होता, की न जुळणारी उदाहरणं अपवाद म्हणून बाजूला पडली.

१९२४ मध्ये जपानच्या निगाता शहरातले डॉक्टर क्युसाकू ओगिनो यांनी वेगळा रस्ता धरला. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी त्यांनी स्त्रियांचे अंडाशय प्रत्यक्ष बघितले आणि त्या निरीक्षणांची पाळीच्या तारखांशी सांगड घातली. निष्कर्ष असा: बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियात हर्मन क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला पोचले. ओगिनोंचा मूळ हेतू मूल हवं असणाऱ्यांना मदत करण्याचा होता. गर्भनिरोधासाठी ही पद्धत खात्रीची नाही, असं ते स्वतः सांगत राहिले.

लक्षात घ्या, ओगिनो पुढच्या पाळीपासून मागे मोजत होते. आपण ते उलटं करून ‘मागच्या पाळीपासून चौदावा दिवस’ केलं. हे गणित २८ दिवसांच्या चक्रात जमतं. चक्र ३५ दिवसांचं असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.

१९९५ मध्ये अमेरिकेत ॲलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी, गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांतून हार्मोन्स मोजल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ राहण्याची शक्यता सहा दिवसांतच दिसली: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू काही दिवस टिकतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून ‘त्या’ दिवसाची वाट बघत थांबणं तोट्याचं. त्याच गटाने २००० मध्ये दाखवलं, की हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांत पूर्ण बसतात अशा स्त्रिया सुमारे ३० टक्केच. पाळी नियमित असली तरी दिवस मागेपुढे होतात. तरीही गर्भ राहिला नाही की ‘दिवस चुकवले’ म्हणून बोल बाईलाच लागतो.

तुमच्या विषयात असा एखादा ‘चौदावा दिवस’ नक्की असेल. सिनॉप्सिस लिहायच्या आधी पाठ असलेलं एक विधान निवडा आणि मूळ पेपरपर्यंत मागे जा. तिथे तीन गोष्टी बघा: मोजलं कुणात, नेमकं काय मोजलं, आणि मोजणी कुठून सुरू केली. चौथी गोष्ट म्हणजे न जुळणारी उदाहरणं. ती कुणी, कुठल्या कारणाने बाजूला ठेवली, हेही वहीत लिहून ठेवा. प्रबंधाचा प्रश्न कित्येकदा तिथेच सापडतो.