तीन मिनिटं, पन्नास थांबे

१९५०च्या दशकात अमेरिकेत एल्मच्या झाडांवर बुरशीचा रोग पसरला. ही बुरशी पसरवणारे भुंगेरे मारायला डीडीटी फवारलं गेलं. पानं गळाली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात रॉबिन मरून पडू लागले. १९६२ साली रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’मुळे हे घरोघरी कळलं.

पण देशभरात नेमके किती पक्षी कमी झाले? एका आवारातले मेलेले पक्षी मोजता येतात. अख्ख्या खंडातली घट सांगायची तर आधी किती होते ते माहीत हवं. तशी नोंदच नव्हती.

मेरीलँडच्या पटक्सेंट अभयारण्यात चँडलर रॉबिन्स हे पक्षिशास्त्रज्ञ काम करायचे. विणीच्या हंगामात नर पक्षी गातो तो आपली हद्द सांगायला. जंगलाच्या एकाच तुकड्यात पुन्हा पुन्हा जायचं, गाणारा प्रत्येक नर नकाशावर मांडायचा, खुणांचे पुंजके झाले की हद्दी कळतात. ही पद्धत चोख, पण एका तुकड्यातच अख्खा हंगाम जातो.

रॉबिन्स यांनी अचूकपणा थोडा सोडला आणि व्याप्ती मिळवली. १९६६ साली त्यांनी ‘ब्रीडिंग बर्ड सर्व्हे’ सुरू केला. सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता, त्यावर ५० थांबे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरुवात. प्रत्येक थांब्यावर फक्त तीन मिनिटं. जे दिसलं, ऐकू आलं ते लिहायचं. चौथ्या मिनिटाला कितीही दुर्मीळ पक्षी ओरडला तरी तो मोजायचा नाही. पुढच्या वर्षी तोच रस्ता, तेच थांबे. मोजणारे बहुतेक हौशी, बिनपगारी.

आम्ही कोड लिहिणारे लोक दर सहा महिन्यांनी काहीतरी ‘सुधारतो’. इथे सुधारणेचा मोह टाळणं हेच मुख्य काम होतं. रस्त्यालगतचे पक्षी म्हणजे सगळे पक्षी नव्हेत, काही कानांतून सुटतातच. पण पद्धत तीच राहिली, तर वर्षावर्षांतला फरक विश्वासाने वाचता येतो.

२०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात हिशेब आला: १९७० पासून अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे २९० कोटी पक्षी घटले, म्हणजे २९ टक्के. बहुतेक प्रजातींसाठी मुख्य आधार याच नोंदींचा होता. त्याच हिशेबात बदकं मात्र वाढलेली दिसली. पाणथळ जागा राखल्याचा तो परिणाम.

आपल्याकडे २०२०च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात पंधरा हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांच्या नोंदी वापरल्या गेल्या. ८६७ प्रजाती अभ्यासल्या, पण दीर्घकालीन कल सांगता आला फक्त २६१ प्रजातींचा. उरलेल्या ६०६ प्रजातींबद्दल पुरेशा जुन्या नोंदी तेव्हा नव्हत्या. त्या आता कुणी मागे जाऊन करू शकत नाही. पुढच्यांसाठी मात्र करता येतात: जवळचं एखादं तळं निवडायचं, ठरावीक वेळ थांबायचं, आणि चिमणी-कावळ्यासकट सगळं ई-बर्डवर लिहायचं. दरवर्षी, तसंच.