त्रिबिंदू जोडणी : अवजारे जोडण्याचे सुलभीकरण

चाकी ट्रॅक्टरच्या मागील अंगास नांगर, मोगडा, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र यांसारखी अवजारे तीन बिंदूंवर धरून ठेवणारी व हायड्रॉलिक शक्तीने उचलणारी दांड्यांची योजना. या योजनेमुळे अवजार हे ट्रॅक्टरमागून फरफटत जाणारे स्वतंत्र ओझे न राहता ट्रॅक्टरच्या देहाचाच एक भाग बनते. शेतीच्या यांत्रिकीकरणात या एका गोष्टीने जो फरक पाडला तो नुसत्या अश्वशक्तीच्या वाढीने पडला नसता, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे मत आहे. योजनेचे गुण सर्वमान्य असले, तरी अवजार प्रत्यक्ष अडकवण्याचे काम तिच्या जन्मापासून आजतागायत जिकिरीचेच राहिले आहे. ते सुकर करण्यासाठी झालेल्या यत्नांचा परामर्श येथे प्रामुख्याने घेतला आहे.

रचना व मापे : खालचे दोन दांडे ओढीचा भार वाहतात आणि वरचा एक दांडा, ज्यास सर्वत्र टॉप लिंक असेच म्हणतात, अवजाराचा तोल सांभाळतो. प्रत्येक दांड्याच्या टोकाशी आरपार भोक असलेला पोलादी गोळा खोबणीत फिरता बसवलेला असतो; त्या भोकातून अवजाराची पिन जाते आणि पिनेच्या टोकास क्लिप लागते. खालच्या दांड्यांना उचलणाऱ्या दोन लिफ्ट रॉडपैकी डावा सामान्यतः मुक्रर लांबीचा असतो, उजवा हँडल फिरवून लांब-आखूड करता येतो. टॉप लिंकच्या दोन टोकांचे आटे परस्परविरुद्ध दिशेचे असल्यामुळे मधली नळी हाताने फिरवताच तिची लांबी बदलते. मापांचे वर्ग आंतरराष्ट्रीय मानक ७३० मध्ये व भारतीय मानक ४४६८ मध्ये नमूद आहेत. पहिल्या वर्गात वरची पिन १९ व खालच्या पिना २२ मिलिमीटर व्यासाच्या असून खालच्या दोन बिंदूंतील अंतर ६८३ मिलिमीटर असते. दुसऱ्या वर्गात हेच आकडे अनुक्रमे सुमारे २५, २८ व ८२५ मिलिमीटर असे आहेत. जाड पिना आणि कमी रुंदी असे अरुंद उपवर्गही आहेत.

अडचणीचे स्वरूप : पाच फुटी रोटाव्हेटर जोडण्याचा साधा प्रसंग घेतला तरी अडचणीचे मूळ ध्यानी येते. चालक ट्रॅक्टर मागे घेतो तेव्हा त्याला मान वळवूनही खालच्या दांड्यांची टोके धड दिसत नाहीत, कारण ती चाकांच्या मध्ये आणि आसनाच्या खाली असतात. तो अंदाजाने थांबतो, खाली उतरतो आणि पाहतो तो डाव्या दांड्याचा गोळा पिनेपासून दोन बोटे अलीकडे, आणि उजवा तेवढाच पलीकडे राहिलेला. रोटाव्हेटर तीन-चारशे किलोग्रॅमचा. तो हाताने सरकत नाही. ट्रॅक्टर तर बोटभर सरकवणे त्याहून कठीण. त्यातच अवजाराची एक बाजू भुसभुशीत मातीत खचलेली, गोळ्यात चिखल वाळून तो आडवा बसलेला, पिनेला गंज चढलेला. हायड्रॉलिकचे हात वर उचलले जातात खरे, पण बहुतेक ट्रॅक्टरांत ते खाली दाबले जात नाहीत, आपल्या वजनानेच उतरतात; सबब पिन दांड्याच्या खाली राहिली तर दांडा दाबून बसवण्यास पहारीवाचून दुसरा उपाय उरत नाही. एवढे झाल्यावर टॉप लिंक जुळवायची, आणि शेवटी ट्रॅक्टरची फिरती शक्ती अवजारास देणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या खाचा जुळवून तो वाकून, खाली गुडघे टेकून चढवायचा. हे सर्व करणारा माणूस त्या वेळी दोन जड लोखंडी वस्तूंच्या मधोमध उभा असतो.

जुळवण्याचा प्रचलित क्रम या रचनेतूनच निघालेला आहे : प्रथम डावा दांडा, कारण त्याची उंची बदलता येत नाही; मग उजवा, ज्याची उंची हँडलने बदलता येते; मग टॉप लिंक; सर्वांत शेवटी पीटीओ. काढताना क्रम उलटा. हा क्रम पाळल्याने निम्मे श्रम वाचतात. नवख्या चालकास तो कुणी सांगत नाही आणि तो उजव्या बाजूपासून आरंभ करून घाम गाळतो.

इतिहास : या योजनेचा जनक म्हणून आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे जन्मलेला हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याचे नाव घेतले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, आयर्लंडच्या शेती खात्याने त्याला देशातील ट्रॅक्टरांच्या नांगरटीची पाहणी करून सुधारणा सुचवण्याचे काम दिले, आणि विली सँड्स या आपल्या कुशल साहाय्यकासह फिरताना त्याच्या ध्यानी आले की नांगर व ट्रॅक्टर यांच्यामध्ये साखळीचा सांधा असणे हेच बहुतेक दोषांचे कारण आहे. त्या काळच्या फोर्डसन ट्रॅक्टरमागील नांगर दगडास अडला की ट्रॅक्टरची पुढची बाजू उचलली जाऊन तो चालकावर उलथत असे. अशा अपघातांत माणसे दगावली. फर्ग्युसनने १९२५ च्या फेब्रुवारीत दाखल केलेल्या आणि पुढे क्रमांक २,५३,५६६ ने मंजूर झालेल्या ब्रिटिश पेटंटाच्या शीर्षकात दोन गोष्टी आहेत : शेतीची अवजारे ट्रॅक्टरला जोडण्याचे साधन, आणि कामाची खोली आपोआप राखण्याची तजवीज. पुढील लेखकांनी दुसऱ्या गोष्टीवर विपुल लिहिले, पहिलीकडे दुर्लक्ष केले. दस्तऐवजात मात्र जोडणी आधी येते, आणि हा क्रम सहेतुक असावा असे मानण्यास जागा आहे, कारण फर्ग्युसनच्या पुढील सर्व विक्री-प्रात्यक्षिकांत एकट्या माणसाने झटपट अवजार बदलून दाखवणे हा अव्वल भाग असे.

या हेतूचा उत्तम दाखला म्हणजे त्याने ट्रॅक्टरबरोबर देऊ केलेला एकमेव पाना. दोन तोंडांच्या या पान्याने नांगराच्या व जोडणीच्या रोजच्या समायोजनाची सर्व कामे होत, आणि त्याच्या अंगावर इंचांच्या खुणा कोरलेल्या असल्याने तोच मोजपट्टीचेही काम देई. अवजारांवरील नटांची मापे जाणूनबुजून एकसारखी ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हते. जोडणी सुलभ करायची तर ट्रॅक्टर नव्हे, अवजार सुधारावे लागते, हे त्याने ओळखले होते. पुढील अर्धशतकात कित्येक कारखानदारांना हे उमगले नाही.

योजनेची वाटचाल अशी : १९३३ मध्ये काळ्या रंगाचा नमुना ट्रॅक्टर, १९३६ मध्ये हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउनबरोबर काढलेला फर्ग्युसन-ब्राउन, ज्याचे सुमारे १,३५० नगच तयार झाले, १९३८ च्या ऑक्टोबरात हेन्री फोर्डशी लेखी करारनाम्याविना, केवळ हस्तांदोलनावर झालेला समझोता, आणि त्यातून १९३९ मध्ये बाजारात आलेला ९-एन ट्रॅक्टर. फोर्डच्या वारसांनी हा समझोता मोडल्यावर फर्ग्युसनने १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरची फिर्याद लावली. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलर घेऊन तडजोड झाली. दरम्यान १९४६ पासून कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात टीई-२० हा करड्या रंगाचा ट्रॅक्टर निघू लागला आणि १९५६ पर्यंत त्याचे पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. योजनेचे श्रेय एकट्या फर्ग्युसनचे की सँड्ससारख्या साहाय्यकांचेही, याबाबत मतभेद आहेत.

अमेरिकेतील पर्याय : पेटंटाच्या अडसरामुळे असो वा स्वतःच्या अवजारांची बाजारपेठ राखण्यासाठी असो, अमेरिकन कंपन्यांनी १९५० नंतरच्या दशकात निराळ्या वाटा चोखाळल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ‘फास्ट हिच’मध्ये अवजाराला दोन शिंगे असत, चालक आसनावर बसूनच ट्रॅक्टर मागे घेई आणि शिंगे ट्रॅक्टरच्या खोबणींत शिरून खटका बसे. ॲलिस-चॅमर्सच्या ‘स्नॅप-कपलर’मध्ये ट्रॅक्टरच्या पोटाखाली नरसाळ्याच्या आकाराचे तोंड असून अवजाराची जीभ त्यात शिरली की स्प्रिंगचा आकडा तिला धरी. जोडण्याच्या सुखसोयीच्या निकषावर या दोन्ही योजना त्रिबिंदूहून सरस होत्या, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. त्या टिकल्या नाहीत याचे कारण एवढेच की एका कंपनीचे अवजार दुसरीच्या ट्रॅक्टरला लागत नसे. शेतकऱ्याने सर्वांना चालणारी योजना पसंत केली आणि तिच्याबरोबर तिचा त्रासही पत्करला.

शीघ्र जोडणी-साधने : त्रिबिंदू जोडणी कायम ठेवून तिच्या टोकाशी झटपट अडकणारे साधन बसवण्याचे चार प्रकार आंतरराष्ट्रीय मानक ११००१ च्या चार भागांत वर्णिले आहेत. त्यांपैकी तीन महत्त्वाचे होत.

उलट्या ‘यू’ आकाराची चौकट ट्रॅक्टरच्या तिन्ही दांड्यांवर कायमची चढवतात. तिच्या माथ्यावर एक व पायांशी दोन आकडे असतात. ट्रॅक्टर मागे घेऊन चौकट उचलली की तिन्ही आकडे एकदमच अवजाराच्या पिना पकडतात. यासाठी पहिल्या वर्गाच्या २२ मिलिमीटर पिनेवर सुमारे ३६ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा बुश चढवावा लागतो, आणि वरची पिन खालच्या पिनांपासून ठरल्या उंचीवर, लहान वर्गांत १५ इंचांवर, असावी लागते. अवजाराचा उभा सांगाडा त्याहून उंच वा बुटका निघाला की चौकट निरुपयोगी ठरते. शिवाय चौकटीच्या जाडीएवढे, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर, अवजार मागे जाते. त्यामुळे उचलण्याची ताकद घटते, पुढची चाके हलकी होतात आणि पीटीओ शाफ्टच्या दोन नळ्यांची एकमेकींतील पकड कमी होते. शाफ्टची लांबी न तपासता चौकट वापरणे धोक्याचे आहे.

त्रिकोणी चौकट युरोपात, विशेषतः हलक्या अवजारांसाठी, रूढ आहे. ट्रॅक्टरवर पोलादी त्रिकोण, अवजारावर त्यावर बसणारा पोकळ त्रिकोण; खालून वर उचलताच एक दुसऱ्यात आपोआप मध्यावर येऊन बसतो व शेंड्याशी खटका लागतो. ट्रॅक्टर थोडा तिरका आला तरी चालते, हा तिचा मोठा गुण. प्रत्येक अवजारावर जोड-त्रिकोण बसवून घ्यावा लागतो, हा खर्च.

तिसरा प्रकार आकडेधारी दांड्यांचा. जर्मनीतील वॉल्टरशाइड कंपनीच्या नावाने तो विशेष ओळखला जातो. यात गोळा दांड्यात नसून अवजाराच्या पिनेवर, पसरट कडेच्या वाटीसह, आधीच चढवलेला असतो, आणि दांड्याच्या टोकास वर उघडणारा आकडा असतो. दांडे पिनांखाली नेऊन उचलले की गोळे आकड्यांत पडतात व जीभ आपोआप बंद होते. सोडवताना आसनावरून दोरी ओढली की पुरे. अवजार मागे सरकत नाही, जोडणीची भूमिती बिघडत नाही, आणि नवे अवजार घेतले तर गोळ्यांचा एक संच तेवढा लागतो. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते उपलब्ध प्रकारांत हाच सर्वांत निर्दोष आहे.

अल्पखर्ची उपाय : ज्यांस ही साधने परवडत नाहीत त्यांच्यासाठी सरकत्या टोकांचे दांडे उपयुक्त ठरतात. खटका दाबून दांड्याचे टोक वीतभर बाहेर ओढता येते, पिनेवर चढवता येते आणि नंतर ट्रॅक्टर हळूच मागे घेतला की ते आपोआप आत जाऊन बसते; अचूक थांबण्याची गरजच उरत नाही. त्याहूनही स्वस्त उपाय अवजार उतरवण्याच्या वेळी करायचा असतो. कडक, सपाट जमिनीवर, चारही कोपऱ्यांखाली फळ्या देऊन आणि अवजाराचे टेकू पाडून ठेवलेले अवजार पुढच्या वेळी जसेच्या तसे समतल सापडते. लहान चाकांच्या गाड्यावर ठेवलेले अवजार सिमेंटच्या फरशीवर एकटा माणूस ढकलू शकतो. गोळे व पिना साफ करून ग्रीस लावणे, झिजलेले गोळे बदलणे आणि दांडे आडवे झुलू न देणाऱ्या साखळ्या जोडताना सैल सोडून नंतर घट्ट करणे, या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही असेच म्हटले पाहिजे.

पुढील बाजूची जोडणी : ट्रॅक्टरच्या तोंडाशीही त्रिबिंदू जोडणी बसवता येते.

सुरक्षितता : ट्रॅक्टर मागे येत असताना त्याच्या व अवजाराच्या मध्ये कुणीही उभे राहू नये, उभे राहण्याची पाळी आली तर ट्रॅक्टर थांबलेला, ब्रेक लावलेला आणि पीटीओ बंद असावा. नव्या ट्रॅक्टरांपैकी काहींच्या मागील मडगार्डवर हायड्रॉलिकची कळ असते. ती चाकाच्या बाहेर उभे राहूनच दाबायची. हाताखालच्या मुलास पिन धरायला उभे करून ट्रॅक्टर मागे घेण्याची पद्धत सर्वस्वी त्याज्य आहे.

भारतातील स्थिती : मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र १९५५ मध्ये निघाले, आणि १९६० मध्ये मद्रास येथे मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर अँड फार्म इक्विपमेंट ही कंपनी स्थापन झाल्यावर फर्ग्युसनची परंपरा या देशात थेट आली. येथील बहुतेक ट्रॅक्टर पहिल्या व दुसऱ्या वर्गांत मोडतात. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत दोन ओळींमधून चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरांपैकी काहींना अरुंद उपवर्गाची जोडणी असते. महाराष्ट्रात एकाच ट्रॅक्टरने सकाळी मोगडा, दुपारी रोटाव्हेटर आणि संध्याकाळी ट्रॉली अशी कामे भाड्याने करणाऱ्या चालकास जोडण्या-सोडण्याचा व्याप दिवसातून अनेकदा पडतो. शीघ्र जोडणीची खरी गरज त्याला आहे, आणि तिचा प्रसार त्याच्यापर्यंतच सर्वांत कमी पोचला आहे. तालुक्याच्या ठिकाणी घडवलेल्या अवजारांत उभ्या सांगाड्याची उंची व पिनांची मापे मानकाबरहुकूम असतीलच असे नाही, ही यातील मुख्य अडचण. म्हणून अवजार विकत घेणाऱ्याने किमतीबरोबर त्याचा वर्ग, पिनांचा व्यास, खालच्या पिनांतील अंतर, वरच्या भोकाची उंची आणि टेकूची सोय या पाच गोष्टी टेप लावून स्वतः पाहाव्यात व त्या पावतीवर लिहून घ्याव्यात.