थेऊरची चिता आणि पनवेलचे बंदर : 'स्वामी'च्या वाचनाविषयी

ऐतिहासिक कादंबरीची मराठी चिकित्सा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : कादंबरीतले किती खरे आणि किती रचलेले? या प्रश्नात लेखक असतो, कागदपत्रे असतात, इतिहाससंशोधक तर असतोच असतो. वाचक मात्र नसतो. १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथे याउसने साहित्येतिहासाची मांडणी वाचकाच्या अपेक्षाक्षितिजावरून करावी असे सुचविले. त्याच परंपरेत इझरने संहितेतील रिक्त जागा वाचक कशा भरतो याचा विचार केला. मराठीला हा विचार अगदीच परका मानण्याचे कारण नाही. नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा'च्या (१८६८) प्रस्तावनेत अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागला याचा खुलासा केला, तेव्हा ते वाचकाविषयीच बोलत होते. बालविवाहामुळे आपल्या संसारात मनोरंजक कथेला लागणारे प्रेमप्रसंगच उरत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ही तक्रार आज विनोदी वाटते. पण मराठी प्रणयकथेपुढचा पेच तिने अचूक सांगितला आहे.

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या विलक्षण लोकप्रियतेचे एक रहस्य रिसबुडांच्या पेचात सापडते. माधवराव आणि रमाबाई यांचा विवाह बालपणीच झालेला. विवाहापूर्वीच्या प्रेमाला येथे जागाच नाही. देसाई प्रणय विवाहाच्या आत आणतात : दालनात, मोहिमेवरून परतण्याच्या प्रतीक्षेत, आजाऱ्याच्या शय्येपाशी. मध्यमवर्गीय वाचकाला, विशेषतः वाचनालयातून कादंबरी घरी आणून दुपारच्या निवांतपणी वाचणाऱ्या गृहिणीला, आपल्याच मान्य संसाराला लाभलेले हे राजस रूप होते. मर्यादाभंगाचा दोष न पत्करता प्रणयाचा आस्वाद घेता येत होता. राक्षसभुवनची लढाई (१७६३) किंवा धोडप (१७६८) या वाचनात मागे पडतात आणि रमाबाईंचे मौन पुढे येते. माधवरावांच्या कारभाराची कागदपत्रे विपुल आहेत. रमाबाईंच्या अंतःकरणाची साक्ष त्या मानाने नगण्य. इझरच्या अर्थाने ही रिक्त जागाच म्हणायची. ती आधी कादंबरीकाराने भरली आणि नंतर वाचकाने आपल्या भावनेने काठोकाठ भरली.

शीर्षकातही अशीच एक जागा दडलेली आहे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात 'स्वामी' हा सेवकाने धन्यासाठी वापरायचा शब्द. पेशवा स्वतः कोणाचा तरी सेवक होता. त्याच्या मुद्रेत त्याची ओळख मुख्य प्रधान अशीच आहे आणि त्याचा धनी, छत्रपती रामराजा, साताऱ्यास होता. कादंबरीच्या वाचकाला मात्र हा धनी आठवतच नाही. 'स्वामी' म्हणजे राज्याचा मालक आणि पत्नीचा पती, असा दुहेरी अर्थ तो एका क्षणात घेतो, आणि प्रधानाचे प्रभूत होणारे हे रूपांतर त्याला खटकत नाही. इतिहासाच्या चुका शोधणाऱ्या टीकाकाराने तारखांपेक्षा या शब्दाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा क्षयाने अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. हा शेवट मराठी वाचकाला नवा नव्हता. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ मध्येच आले होते, म्हणजे 'स्वामी'च्या आधी तब्बल एक शतक. बेंटिंकच्या १८२९ च्या बंदीनंतर जेमतेम तीन दशकांनी रमाबाईंची कथा रंगभूमीच्या साहित्यात येते, आणि स्वतंत्र भारतात ती कादंबरीच्या रूपाने पुन्हा डोळ्यांत पाणी आणते. प्रणय विवाहात बंदिस्त केल्यावर त्याचा उत्कर्षबिंदू विवाहाशीच जोडलेल्या आत्मार्पणात यावा, हे रचनेच्या दृष्टीने ओघाचेच होते; म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे. चितेकडे जाणाऱ्या रमाबाईंसाठी वाचक रडतो तेव्हा तो प्रथेवर रडत नाही. एका प्रेमाच्या पूर्णतेवर रडतो. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानात देवराळा येथे रूपकंवर जळाली, त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. कादंबरीतील एकही शब्द बदलला नाही, पण अपेक्षाक्षितिज बदलले. त्या घटनेनंतर हीच पाने वाचताना अश्रू आणि संकोच एकाच वेळी येतात. यांपैकी एकच प्रतिसाद खरा मानणे अन्यायाचे होईल.

क्षितिज काळानेच बदलते असे नाही. ते स्थळानेही बदलते. पुण्याच्या वाचकाला थेऊर जवळचे. पनवेलच्या वाचकाचा भूगोल निराळा. खाडीतून यायचे, पनवेलला उतरायचे आणि बोरघाट चढून देशावर जायचे, ही मुंबई-पुण्याची जुनी वाट. पुढे लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि हे बंदर बाजूला पडले. 'स्वामी'तील राघोबादादा वाचकाची सहानुभूती मिळवतात : पुतण्यावर माया असलेला, कानाचा हलका, महत्त्वाकांक्षेपुढे दुबळा असा चुलता. मृत्युशय्येवरचे माधवराव नारायणरावाला त्यांच्या हाती सोपवतात तेव्हा पुढचे ठाऊक असूनही वाचक क्षणभर विश्वास ठेवतो. हा विश्वास कादंबरीचे मोठे यश आहे.

पनवेलमध्ये बसून तो टिकवणे अधिक अवघड. शेवटच्या पानानंतर नऊ महिन्यांत, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, नारायणरावाचा खून झाला. सुरतेच्या तहाने (१७७५) दादा इंग्रजांच्या आश्रयाला बांधले गेले आणि १७७८ च्या अखेरीस मुंबईची इंग्रज फौज त्यांना गादीवर बसविण्यासाठी निघाली ती पनवेललाच उतरून. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला नमते घ्यावे लागले, ही गोष्ट पुढची. तिच्यातला कॅप्टन स्ट्यूअर्ट कार्ल्याजवळ पडला आणि मराठी स्मृतीने त्याला 'इष्टूर फाकडा' करून चक्क आपलेसे केले. शत्रूलाही प्रणयनायकाची वस्त्रे चढविण्याची ही हौस कादंबरीच्या आधीची आहे. दादांना मात्र अशी माया लाभली ती १९६२ मध्ये, तीही १७७२ पाशी कथा थांबविल्यामुळे. खाडीकाठच्या वाचकाला ती कथा जिथे थांबते तिथे थांबता येत नाही; ज्या धक्क्यावर फौज उतरली ते गाव त्याच्या रोजच्या रहदारीचे आहे.