तीळ की मेलानोमा? फोनचा कॅमेरा किती सांगू शकतो

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. साधा तीळ सहसा गोलसर, एकाच रंगाचा असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. दोन अर्धे जुळत नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकात अनेक रंग असतील, आकार 6 मिमीपेक्षा मोठा असेल किंवा तीळ बदलत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मग ॲपने फोटो स्कॅन केला तर? मी स्वतः सॉफ्टवेअर बनवतो, तरी ॲपने ‘लो रिस्क’ म्हटलं म्हणून निवांत बसणार नाही. मॉडेल ज्या फोटोंवर शिकतं, तेवढंच त्याला कळतं. 2018 चा प्रसिद्ध ‘हॅम 10000’ डेटासेट घ्या: 10,015 फोटो, ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलियातले, बहुतेक गोऱ्या त्वचेचे. सावळ्या त्वचेत मेलानोमा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या पट्ट्यासारखा दिसतो. तिथे ॲप सहज चुकू शकतं.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. दर महिन्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून तिळाचा फोटो काढा. फरक दिसला की ते फोटो घेऊन स्किन स्पेशालिस्टकडे जा. पक्कं निदान बायोप्सीनेच होतं.