बंकिमचंद्रांची ग्रंथसंगति

कादंबरीकाराच्या विचारांवर कोणत्या ग्रंथांचा संस्कार झाला हें ठरवितांना टीकाकार बहुधा त्याच्या प्रस्तावना व निबंध चाळतात, आणि तेथें सांपडलेल्या नांवांची याद करून मोकळे होतात. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय (१८३८–१८९४) यांच्यासंबंधानें या रीतीनें एक ठरीव कथा रूढ झाली आहे. पूर्ववयांत ते मिल्ल, कोंत, हक्सले यांच्या नादीं लागले. उत्तरवयांत गीतेकडे वळले व पाश्चात्त्य ग्रंथ त्यांनीं टाकून दिले, अशी ती कथा. आम्हांस ती मान्य नाहीं. ग्रंथांनीं लेखकाचें काय केलें हें त्याच्या पात्रांच्या वर्तनावरून पाहिलें पाहिजे, आणि तसें पाहतां निकाल निराळा लागतो.

निसर्गापासून आरंभ करूं. १८६० सालीं बंकिमबाबू मेदिनीपूर जिल्ह्यांत नेगुआं येथें डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. तिकडील समुद्रकांठ व अरण्य १८६६ च्या ‘कपालकुंडला’ कादंबरींत आलें आहे, परंतु तें केवळ डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हे. नायक नवकुमार नावेंत बसून समुद्रदर्शनाचा आनंद सांगूं लागतो, तों त्याच्या मुखीं रघुवंशाच्या तेराव्या सर्गांतील श्लोक येतो. प्रकरणांच्या शिरोभागीं कालिदासाच्या पंक्तीस शेक्सपियर व बायरन बसले आहेत. मनुष्यवस्तीपासून दूर वाढलेली मुलगी कशी निपजेल, हा या कादंबरीचा मूळ प्रश्न. तो कोणत्या नाटकांशीं जोडावयाचा, हें ‘बंगदर्शना’ंतील शकुंतला, मिरांडा व डेस्डिमोना यांवरील निबंध सांगतो. उत्तर मात्र बंकिमबाबूंचें स्वतःचें आहे. शकुंतलेस तपोवनांत पिता होता, सख्या होत्या, आश्रमाचे संस्कार होते. कपालकुंडलेस एक क्रूर कापालिक आणि एक दयाळू पुजारी यांवांचून कोणीच नव्हतें. म्हणून विवाह झाल्यावरही तिचें मन गृहस्थाश्रमांत रुळत नाहीं. कालिदासाचें वन कन्या वाढवून समाजाच्या हवालीं करतें. बंकिमबाबूंचें वन तिला सोडीत नाहीं.

आतां विज्ञान. १८७२ सालीं ‘बंगदर्शन’ मासिक निघालें, आणि त्यांतील शास्त्रीय लेखांचा संग्रह ‘विज्ञानरहस्य’ १८७५ त प्रसिद्ध झाला. सूर्यावरील उत्पात, ताऱ्यांची संख्या, धूळ, जीवद्रव्य, मनुष्यजातीचें वय असे त्यांतील विषय आहेत. हक्सले, टिंडॉल, प्रॉक्टर, लॉकियर, लायल यांचें ऋण त्यांनीं स्वतः नमूद केलें आहे. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्या विज्ञानसभेची उभारणी चालू असतां (ती १८७६ त स्थापन झाली) बंकिमबाबूंनीं १८७२ सालींच तिची बाजू घेऊन लेख लिहिला. जो विज्ञानाची उपेक्षा करतो त्याच्यावर तें विज्ञानच शत्रूप्रमाणें उलटतें, असा त्याचा आशय होता.

हा लेख ध्यानांत ठेवून ‘आनंदमठा’चें (१८८२) शेवटचें प्रकरण वाचावें. आपल्याकडे या ग्रंथाचें नांव ‘वंदे मातरम्’शीं इतकें जडलें आहे कीं अखेर काय होतें हें पुष्कळांच्या स्मरणांत नसतें. संतानांनीं लढाई जिंकली आहे, आणि तेव्हांच एक वैद्य येऊन सत्यानंदास थांबवितो. ज्ञान दोन प्रकारचें, बाह्य व आंतर. बाह्य ज्ञान लोपल्यामुळें आंतर ज्ञानही लोपलें. इंग्रज बाह्य ज्ञानांत निष्णात आहेत, तें प्रथम त्यांजपासून शिकावें, असें तो सांगतो. ही सरकारी नोकराची सावधगिरी होय असें कित्येक म्हणतात. सावधगिरी असेलही, परंतु हा विचार कादंबरीहून दहा वर्षांनीं जुना आहे. शिवाय, ज्यांनीं उपनिषदें गुरुमुखानें वाचलीं आहेत त्यांस वैद्याच्या बोलण्यांतील खोंच लागलीच कळेल. मुंडकांत परा व अपरा विद्या सांगून परेला श्रेष्ठत्व दिलें आहे. वैद्य मात्र बाहेरील विद्येस पहिली पायरी करतो. शास्त्राधार हवाच असेल तर तो ईशावास्यांत शोधावा; तेथें विद्या व अविद्या दोन्ही एकत्र जाणावयास सांगितलें आहे. टिंडॉल व हक्सले येथें नांवानें नाहींत, पण वैद्याची वाणी त्यांच्यावांचून उमटली नसती.

समाजाचें प्रकरण इतकें सरळ नाहीं. ‘साम्य’ (१८७९) या पुस्तकांत बुद्ध, ख्रिस्त व रूसो हे समतेचे तीन उपदेशक मानले आहेत. स्त्रियांविषयींचा भाग मिल्लवर, आणि देशाच्या हवापाण्यावरून दारिद्र्याची मीमांसा करणारा भाग बकलवर उभा आहे. हाशिम शेख व रामा कैवर्त हे उन्हांत चिखल तुडवीत नांगर धरणारे शेतकरी याच विचारांतून निघाले. कमलाकांताच्या दुधावर ताव मारून वर धनिकांच्या संचयावर वाद घालणारी मांजरही त्याच गोत्राची. पुढें ‘साम्य’ त्यांनीं पुन्हां छापूं दिलें नाहीं, आणि वरील ठरीव कथेचा सारा भार या एका गोष्टीवर आहे.

परंतु ‘देवी चौधुराणी’चें (१८८४) मुखपृष्ठ उघडतांच कोंत व सीली यांचीं वचनें समोर येतात! आंत भवानी पाठक प्रफुल्लेस व्याकरण, भट्टि, रघु, कुमार, नैषध, शाकुंतल, नंतर सांख्य, वेदान्त, न्याय, व शेवटीं गीता शिकवितो. बरोबर मल्लविद्याही आहे. पाठ्यक्रम टोळांतला, पण मनुष्याच्या सर्व वृत्तींचें सारखें संवर्धन हें त्याचें धोरण कोंत व सीली यांच्या वाचनांतून पुष्ट झालेलें. ‘धर्मतत्त्वां’त (१८८८) त्यासच अनुशीलन हें नांव मिळालें. मिल्ल मात्र हरला. एवढी शिकलेली, दरोडेखोरांची राणी झालेली प्रफुल्ला अखेर सासरीं सवतींत नांदून भांडीं घासते, आणि लेखकास त्यांत तिच्या निष्काम कर्माची पूर्तता दिसते. आम्हांस ती दिसत नाहीं. हाशिम शेख व रामा कैवर्त यांसही या उत्तरकालीन कादंबऱ्यांत घर मिळालें नाहीं, ही उणीव गीतेच्या नांवावर खपविण्याजोगी नव्हे.

तरी एक गोष्ट नोंदली पाहिजे. १८९२ त, मृत्यूच्या दोन वर्षें आधीं, ‘विविध प्रबंधा’चा दुसरा भाग निघाला तेव्हां ‘बंगदेशाचा कृषक’ हा जुना निबंध बंकिमबाबूंनीं त्यांत पुन्हां छापला.