मनीऑर्डर आणि म्हातारपण

म्हाताऱ्या माणसांविषयी समाजात बेपर्वाई वाढत चालली आहे, ही तक्रार हल्ली दर लग्नात आणि दर तेराव्याला ऐकू येते. तिच्यापाठोपाठ दुसरे वाक्य ठरलेले असते : पूर्वी असे नव्हते. पहिल्या वाक्याशी आमचा वाद नाही. दुसऱ्याची मात्र झडती घेतली पाहिजे, कारण दुखण्याचे मूळ चुकीचे सांगितले की औषधही चुकते. आणि या झडतीला आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरुडइतके सोयीचे गाव आम्हांला दुसरे दिसत नाही. (जंजिऱ्याजवळचे मुरुड ते निराळे, हे हर्णैच्या शेजारचे.)

मुरुड हे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे गाव. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीस. पण वाढले ते मुरुडात. मुंबईस मिळवते झाल्यावर त्यांनी गावच्या मंडळींकडून वर्गणी जमवून गावासाठी 'मुरुड फंड' उभा केला. पुढे ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले, आणि ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. भावाने घरात घेतले तर त्या घरालाही वाळीत टाकू, अशी तंबी मिळाली. आईला मुलगा भेटावा की न भेटावा, हे गाव ठरवणार! आणि त्या काळच्या घराघरांतल्या विधवा आठवा. जिचे केस विसाव्या वर्षी उतरवले, तिचे म्हातारपण विसाव्या वर्षीच सुरू झाले. पुढची चाळीस-पन्नास वर्षे तिने माजघरात राबून काढली. तेव्हा पूर्वी सगळ्या म्हाताऱ्यांना मानाचे पान होते, हे खरे नव्हे. ज्याच्या नावावर वाडी आणि ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याला मान होता. जुन्या गावाची नजर प्रत्येकावर असे, एवढे मात्र कबूल केले पाहिजे. त्या नजरेतून कोणी उपाशी सहसा सुटत नसे, तसा कोणी मोकळाही सुटत नसे.

मग म्हाताऱ्यांना आधार कशाचा होता? आमच्या मते त्याचे उत्तर पोस्टाच्या पिशवीत सापडते. सरकारने पोस्टामार्फत मनीऑर्डर १८८० साली सुरू केली. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाढत होते, आणि हर्णै बंदरातून बोटीने कोकणचा तरुण परळ-लालबागला उतरत होता. १९११ च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले निघाले. (आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्यातच होता.) एका खोलीत वीस-पंचवीस गाववाले पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करीत. त्या फॉर्मच्या खाली चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पोस्टमन ओटीवर टेकायचा, नोटा मोजून द्यायचा आणि म्हातारीला त्या चार ओळी वाचून दाखवायचा. वाचता वाचता त्याला घरातले दिसे : कोण आजारी, कोणाचे छप्पर गळते, कोणाकडे तीन महिने काही आलेले नाही. ते मुंबईच्या खोलीवर पोचायला वेळ लागत नसे, आणि ज्याने पैसे पाठवले नाहीत त्याला गाववाले चारचौघांत विचारीत. ही माया होती तशी ती वहिवाटही होती. मुलगा चांगला असो की उनाड, त्याच्या मागे खोली होती.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. ती आमच्या धंद्यातली आहे, म्हणून तिथे थोडे रेंगाळू. जर्मनीत १८८९ साली म्हातारपणाच्या विम्याचा कायदा झाला. इंग्लंडने १९०८ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरीब माणसाला आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन पोस्टातून मिळू लागली. त्याच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली मुंबईचा कामगार मात्र डोळे अधू झाले, छाती भरली की गाठोडे घेऊन गावी परतत होता. गिरणीकडून त्याला हक्काचा एक पैसा नव्हता. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू आहे, ते तोडू नये, असे मत १९३१ च्या अहवालात दिले. मत दिसायला सोज्वळ आहे. पण त्याचा हिशेब असा होतो की कामगाराची उमेद गिरणीने घ्यावी, आणि त्याचे बाळपण, आजारपण व म्हातारपण कोकणातल्या घराने सोसावे. आमच्या वाड्या म्हणजे गिरणीमालकांचे बिनखर्चाचे वृद्धाश्रम होते, आणि ते चालवीत होत्या घरच्या बायका. सासू-सासऱ्यांचे हगणे-मुतणे काढून भात लावणाऱ्या त्या बायकांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नव्हते. मुलांच्या कर्तव्यावर व्याख्याने झोडणाऱ्यांनी हे कधी मांडले नाही, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा. चळवळीने लढून मिळवलेले ते होते. पण फंड घर बांधण्यात किंवा मुलीच्या लग्नात जाई. महिन्याच्या महिन्याला येणारे असे मनीऑर्डरशिवाय काही नव्हते. आणि मग १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. पण पोस्टमन रिकाम्या हाताने वाडीवरून पुढे जातो म्हणजे काय, हे त्या वर्षी कोकणातल्या पोरांनाही कळले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या. गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. तोवर अनेक अर्जांवर वारसांची नावे चढली होती.

पैसा थांबला हे तर झालेच; पण गावकीची खोलीही मोडली, हे नुकसान कोणी मोजत नाही. चाळीत जो गाववाल्यांच्या नजरेखाली होता, तो नालासोपाऱ्याला, दिव्याला एकटा गेला. आज तो कंत्राटावर बारा तास उभा राहतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत चौघांनी राहतो. आई-बापांना आणून ठेवायचे कुठे? त्याला बेपर्वा म्हणताना आमची जीभ अडते. मात्र ज्याची मुंबईत दोन घरे आहेत आणि जो गणपतीत दीड दिवस येऊन, सातबारा पाहून परत जातो, त्याच्यासाठी आमच्यापाशी एकही सबब नाही.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. लढाई नाही, दुष्काळ नाही, आणि माणसे एक्याऐंशी हजारांनी कमी! हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. राहिलेल्यांत म्हातारी माणसे किती, हे सांगायला आकडा नको. बंद घरांची कुलपे मोजत चालावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरचे माड-पोफळी आडवे केले, कौले उडवली. टाळेबंदीमुळे मुंबईचा मुलगा पासाशिवाय निघू शकत नव्हता. पोफळीला धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि रोपे लावायला उभे राहिले ते सत्तरीचे लोक.

सरकारने काही केले नाही असे नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सुरू झाली, महिना ७५ रुपये. त्याच वर्षी फंडाला जोडलेली पेन्शन आली. तिची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये ठरली. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण पोटच्या पोरावर अर्ज करायला प्रांताच्या कचेरीची पायरी चढणारी आई आम्ही क्वचितच पाहिली. रक्कम आता बँकेत परस्पर जमा होते. चोरी कमी झाली, हे चांगलेच. पण ओटीवर टेकून घरातले पाहणारा माणूसही त्याबरोबर गेला. उलट वर्षातून एकदा म्हाताऱ्यानेच आपण जिवंत आहोत असे सिद्ध करायचे, आणि जन्मभर मजुरी करून बोटे झिजलेल्यांचा ठसा यंत्रावर उमटत नाही.

थोडी पण हुकमी पेन्शन माणसाला काय करू शकते, हे पाहायला पुन्हा अण्णांकडे जावे लागते. फर्ग्युसन कॉलेजातून ते १९१४ साली पेन्शन घेऊन निवृत्त झाले. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली. १९४४ साली समता संघ काढला. १९५८ साली शंभरीत भारतरत्न झाले. म्हातारपण म्हणजे ओझे असे आम्हांला कोणी सांगू लागले की आम्ही त्याला या तारखा सांगतो.

मुरुडच्या आणि आसपासच्या गावांच्या मुंबईकर मंडळांकडे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीच्या याद्या आहेत. त्या आम्ही पाहिल्या आहेत, चोख असतात. त्याच वहीत आणखी एक पान घालावे : कोणत्या वाडीत, कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे आहे, त्याचे छप्पर कसे आहे, पेन्शन येते की नाही, आणि दर पंधरवड्याला त्या ओटीवर कोण टेकणार. येत्या गणपतीच्या आधी हे पान भरता येईल.