भीमेच्या खोऱ्यातली द्राक्षवेल

पुणे जिल्ह्याच्या भीमा खोऱ्यात द्राक्षाची ओळख जुनी आहे, पण द्राक्षापासून वाइन करण्याचा धंदा अलीकडचा. वढू बुद्रुकपासून खाली दौंडपर्यंत भीमेचा काठ उसाने व्यापलेला. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे दोन सहकारी साखर कारखाने शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या शेतीची दिशा सांगायला पुरेसे आहेत. द्राक्षाला मात्र उसासारखी पाणी धरणारी काळी जमीन मानवत नाही. मुळांशी पाणी साचले की वेल पिवळी पडते. त्यामुळे द्राक्ष वाढले ते नदीकाठ सोडून: उत्तरेला जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरात, पुण्याला लागून मांजरीत आणि दौंडच्या दक्षिणेकडील रोटीच्या माळावर.

दख्खनमधल्या द्राक्षाचा जुना आणि भरवशाचा उल्लेख चौदाव्या शतकातला आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याची त्याने नोंद केली. नोंद छोटी आहे, पण या भागातल्या द्राक्षशेतीचे सगळे वेगळेपण तिच्यात आले आहे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळते, झोपी जाते आणि वसंतात फुटते, म्हणून तिथे पीक एकच. दख्खनमध्ये तिला झोपवणारी थंडी नाही. मोकळी सोडली तर ती बारा महिने पालवत राहील आणि घड मात्र हवे तसे देणार नाही. थंडी जे काम करते ते इथे माणसाच्या हातातल्या कात्रीला करावे लागते.

म्हणून इथल्या बागेचे वर्ष दोन छाटण्यांवर चालते. माल उतरल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपर्यंत, खरडून काढली जाते आणि एखाददुसरा डोळा ठेवला जातो. उन्हाळ्याच्या कडक उन्हात नवी काडी वाढते आणि याच काळात तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. काडी सात पानांवर आली की शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बगलेतली उपकाडी, वाढवण्याची रीत आहे, ती डोळे फळधारक व्हावेत यासाठीच. पावसाळ्यात काडी पिकते, तपकिरी होते. मग ऑक्टोबरच्या आगेमागे दुसरी छाटणी येते. तिला गोडी छाटणी म्हणतात. हे नाव जुन्या अनुभवातून आले आहे. पूर्वी दोन्ही छाटण्यांचे फळ घेतले जाई. पावसाळ्यातले आंबट निघे आणि थंडी ओलांडून उन्हाळ्याच्या तोंडावर येणारे गोड. आता पहिल्या छाटणीनंतर फळ धरत नाहीत, पण गोडीचे नाव टिकून राहिले. या छाटणीआधी जाणता बागायतदार काडीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवून कितव्या डोळ्यात घड आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो, कारण कात्री एक डोळा खाली चालली तर वर्षभराची मेहनत पालापाचोळ्यात जाते.

जुन्या काळी वेलीला आधार पांगाऱ्याचा असे. पांगाऱ्याची फांदी रोवली की ती जगते आणि जिवंत खांब होते. वेल त्यावर चढवली जाई. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी या त्या वेळच्या जाती, सगळ्या बियांच्या. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवड करून ‘चीमा साहेबी’ ही जात तयार केली आणि ती महाराष्ट्रात बराच काळ चालली. पांगारा जाऊन लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव आला, नंतर वाय आकाराची रचना आली. बिनबियांची थॉमसन सीडलेस आल्यावर तर जुन्या जाती बाजारातून जवळजवळ उठल्या. तिच्यातूनच तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ निवडली आणि सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’. हे शोध प्रयोगशाळेत नव्हे, बांधावर लागले. महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

हा सारा विस्तार खाण्याच्या द्राक्षाचा होता. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून पुण्यात ‘महाग्रेप्स’ उभी केली आणि शीतसाखळीच्या जोरावर माल युरोपात पाठवायला सुरुवात केली. १९९७ मध्ये मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. निर्यातीच्या द्राक्षातील औषधांचे अंश तपासण्याची देशातील प्रमुख प्रयोगशाळा इथेच आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडली, तेव्हा या तपासणीचे मोल गावोगावच्या बागायतदाराला कळले.

पुण्याच्या कडेला मांजरीचे जे स्थान आहे, तेच ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाच्या उत्तरेला डॅन्यूबकाठच्या क्लोस्टरनॉयबुर्ग या छोट्या शहराचे आहे. बाराव्या शतकात स्थापन झालेला तिथला मठ स्वतःच्या मळ्यांतून वाइन करीत आला आहे. १८६० मध्ये तिथे द्राक्ष आणि वाइनचे शिक्षण देणारी शाळा निघाली. ती जगातील अशा सर्वांत जुन्या शाळांपैकी एक. १८७२ मध्ये याच शहरात मुळे पोखरणारी फायलोक्सेरा ही कीड आढळली आणि पुढे ऑस्ट्रियाच्या बागा अमेरिकन खुंटांवर कलम करून वाचवाव्या लागल्या. दख्खनमध्येही आज बहुतेक नव्या बागा ‘डॉगरिज’सारख्या अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत, पण कारण वेगळे आहे. इथला शत्रू कीड नव्हे, तर खारवट जमीन, क्षारयुक्त पाणी आणि दुष्काळ.

खरा फरक कायद्यात आहे. १७८४ मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने फर्मान काढून बागायतदाराला स्वतःच्या मळ्याची वाइन स्वतःच्या घरी विकण्याची मुभा दिली. व्हिएन्नाभोवतीच्या गावांत दारावर झाडाची डहाळी टांगली की त्या घरी या वर्षीची वाइन मिळते असे समजायचे, ही रीत त्या फर्मानावर आजवर टिकली आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या चौकटीत द्राक्ष पिकवणारा आणि वाइन करणारा हे दोघे वेगळेच राहिले. घरची वाइन ओसरीवर विकण्याची प्रथा इथे रुजू शकली नाही. वाइन आली ती कारखान्यातून.

त्यातला एक मोठा कारखाना नारायणगावचा. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या शातो इंडाज या कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे फेसाळणारी वाइन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. ती केली शँपेनच्या पद्धतीने, जिच्यात वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवली जाते. द्राक्ष केवळ खायचे किंवा बेदाणा करायचे, एवढेच माहीत असलेल्या मुलखात ही मोठी झेप होती. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्कात सूट दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगलीत पलूसला वाइन पार्क आखले. त्यानंतर दौंड तालुक्यातील रोटीला यूबी समूहाने ‘फोर सीझन्स’ ही वायनरी बांधली. तिची फ्रेंच गढीसारखी इमारत माळावर दुरून नजरेत भरते.

भरभराट फार टिकली नाही. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे हॉटेले ओस पडली, वाइनचा खप घटला आणि टाक्या भरलेल्या राहिल्या. वाइनची द्राक्षे घेणारे गिऱ्हाईक राहिले नाही. वाइनचे द्राक्ष आकाराने लहान, बियांचे आणि जाड सालीचे असते. खाण्याच्या बाजारात त्याला किंमत नाही. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या आणि पुन्हा खाण्याच्या जातींकडे वळले. नारायणगावची कंपनीही कर्जाखाली दबून बुडाली, तर रोटीची वायनरी पुढे दुसऱ्या वाइन कंपनीकडे गेली. धोरणाने बाग लावायला लावली, पण पडत्या काळात शेतकऱ्याला सांभाळण्याची तरतूद त्यात नव्हती. त्याची झळ बागायतदाराने एकट्याने सोसली.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचा माल खपेल, असे समर्थक म्हणत. घराघरांत दारू शिरेल, असे विरोधक. अण्णा हजारे यांनीही उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही. मांजरीच्या केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही रसासाठीची द्राक्षाची जात दिली आहे. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून आलेल्या या जातीचा रस न आंबवताही विकता येतो, त्यामुळे वाइनच्या परवान्याची गरज पडत नाही.